समोर धरलेला मासा

एकदा एक शिष्य विद्या पुरी झाली तरी गुरूच्या अंगणातून हलेना.

त्याचे गुरू समुद्रकाठच्या टेकडीवर राहणारे वृद्ध वैद्य होते. नाडीपरीक्षा, काढे, चूर्णे, सारे काही शिष्याच्या हाती उतरले होते. खाडीपलीकडच्या गावात वैद्य नव्हता. तिथली माणसे होडी घेऊन त्याला न्यायला येत आणि विनवत, "वैद्यबुवा, चला आता. आमच्याकडं आजाऱ्याला बघाया कोन नाय." हा दर वेळी म्हणे, "एक ग्रंथ राहिला आहे, तेवढा होऊ दे." तो ग्रंथ त्याने केव्हाच वाचून संपवला होता! शेवटी एके दिवशी त्याने गुरूंना खरे ते सांगितले.

"गुरुजी, माझ्या हातून रोगी दगावला तर? येथे चुकलो तर तुम्ही पाठीशी आहात. तेथे कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठाची वेळ झाली तेव्हा गुरू त्याला कड्याच्या टोकावर घेऊन गेले आणि म्हणाले, "बैस आणि बघ."

कड्याच्या पोटाला एक जुना आंबा होता. त्याचा शेंडा कड्याच्या टोकापर्यंत पोचलेला आणि त्या शेंड्यात समुद्रगरुडाचे बैलगाडीच्या चाकाएवढे घरटे. आत एकच पिल्लू होते. पिल्लू कसले, खाऊनपिऊन आईहून जाडजूड झालेला गडी! आई मात्र समोरच्या वठलेल्या झाडावर पंजात मासा धरून बसली होती. पिल्लू भुकेने आक्रोश करी. ती त्याच्याकडे बघत राही, पण जागची हलत नसे.

पुढचे काही दिवस हेच चालले. पिल्लू घरट्याच्या काठावर येई, वाऱ्याकडे तोंड करून पंख फडफडवी, वीतभर वर उचलले जाई आणि घाबरून पुन्हा काटक्या घट्ट पकडे. दिवसागणिक ते रोडावत चालले होते.

आपल्याकडे दयेला नेहमीच घाई असते. शिष्याच्याने ते बघवेना. एका सकाळी त्याने वाटेत कोळिणीला थांबवले आणि मासा मागितला. ती हसू लागली.

"अगो बाय! वैद्याच्या घरात म्हावरं कवापासून शिजाय लागलं?"

लाजेने लाल होत त्याने मासा घेतला, कड्यावर आला आणि घरट्यात टाकण्यासाठी हात उचलला. तोच गुरूंनी त्याचे मनगट धरले. दारातल्या मांजरीला घास घातल्यावाचून न जेवणाऱ्या त्या माणसाने त्याच्या हातून मासा काढून घेतला आणि सरळ समुद्रात भिरकावून दिला.

"गुरुजी!" शिष्य संतापला. "ती आई निष्ठुर आहे आणि तुम्हीही!"

तेवढ्यात समुद्रावरून वारा चढला. पिल्लाने पंख उघडले आणि ते वर उचलले गेले. या वेळी त्याने काटक्या पकडल्या नाहीत. दुसऱ्याच क्षणी ते दगडासारखे खाली गेले. शिष्याने डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा खाली लाटांवर दोन विशाल पंख पसरलेले होते. त्यांत ना फडफड होती ना धडपड. एवढे मोठे अंग, आणि साऱ्या समुद्राने श्वास घेऊन ते अलगद वर उचलावे तसे ते चढत होते. ते कड्यावरून इतक्या जवळून गेले की त्याची सावली दोघांच्या अंगावरून सरकली आणि पिसांतून वाहणारा वारा त्यांना ऐकू आला. शिष्याचे हात आपोआप जोडले गेले. गुरू उठून उभे राहिले होते. त्यांनी हे आयुष्यात कितीदा पाहिले असेल, तरीही त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

पिल्लू आईच्या फांदीवर धपकन येऊन आदळले. आईने मासा त्याच्यापुढे सोडला.

गुरू म्हणाले, "ती निष्ठुर असती तर समोर बसलीच नसती. घास भरवायचे दिवस होते तोवर तिने भरवले. आता त्याचे अंग हलके होणे आवश्यक होते. तू मासा टाकला असतास, तर पिल्लू तुझे उपकार मानत घरट्यातच राहिले असते."

"पण ते पडले असते तर?"

"तर पडले असते."

"ते पडणार नाही, हे तिला ठाऊक होते?"

"नव्हते रे. ज्याला ठाऊक असते तो निर्धास्त झोपतो. ती रोज समोर येऊन बसत होती, कारण तिलाही भय वाटत होते. तू त्या दिवशी विचारलेस, त्याचे उत्तर माझ्यापाशीही नाही. तुझ्या हातून रोगी दगावेल, बाळा. उत्तम वैद्यांच्या हातूनही दगावतात. त्या रात्री तुला झोप येणार नाही. पण सकाळी दार उघड. दारात दुसरा रोगी उभा असेल."

शिष्याने गुरूंच्या पायांवर डोके ठेवले. दुपारच्या भरतीला खाडीपलीकडे जाणारी होडी सुटली, तेव्हा तो तिच्यात होता. भय होतेच. त्याला शेजारी बसवून घेऊन तो निघाला होता.