कोंडिबाने खालच्या आळीला पाणी पोचवलं

एका गावात नळ होते, पाणी नव्हतं, आणि कोंडिबा नावाचा एक भोळा माणूस होता. तो तालुक्याला जाऊन संगणक शिकून आला होता. प्रमाणपत्र त्याने देव्हाऱ्यात ठेवलं होतं. सांगाल ते मन लावून करायचा, फक्त भलत्या ठिकाणी करायचा.

पुरात ओढ्यावरची पाइप वाहून गेली होती. तेव्हापासून आठ महिने खालची आळी कोरडी. दिवसाआड येणारा टँकर, त्यावर सगळी भिस्त. सरपंच शेवंताबाईंनी अकरा अर्ज केले. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी एकही वाचला नाही. साहेब दिवसभर मोबाइलवर खेळ खेळतात, अशी पक्की खबर होती.

गुरुवारी साहेब येणार असं कळलं आणि बाईंनी कोंडिबाला बोलावलं.

"कोंडिबा, आपल्या गावाचा खेळ कर. चौकोन चौकोन मांड. पाइपचे तुकडे फिरवायचे आणि टाकीचं पाणी घराघरात न्यायचं. ओढ्यावरचा चौकोन मात्र रिकामा ठेव. साहेब फिरवून फिरवून दमतील आणि विचारतील, इथला तुकडा कुठाय? मग मी म्हणेन, तोच तर मागतोय!"

"बरं बाई," कोंडिबा म्हणाला.

सोमवारी तो खेळ घेऊन आला. शेवंताबाई पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"हे पाणी आहे का निळी फरशी? जरा तरी वाहतंय का? अरे, एकावर भागत नाही. चार काढ. प्रत्येक चित्रात लाट थोडी पुढे सरकव आणि एकामागून एक दाखव."

"एकावर भागत नाही. चार, एकामागून एक," कोंडिबाने घोकलं.

मंगळवारी पाणी झकास वाहत होतं. देऊळही वाहत होतं. चावडी, पिंपळ आणि पाटलांची म्हैस, सगळी मंडळी ओळीने पुढे सरकत होती.

"अरे, मारुती कुठे निघाला?"

"चार चित्रं काढली ना बाई, सगळ्यांची."

"वाहतं तेवढंच हलवायचं! जे जमिनीत पक्कं आहे ते हलता कामा नये."

"पक्कं ते हलवायचं नाही," कोंडिबा म्हणाला.

बुधवारी सकाळी देऊळ जागेवर होतं. बाईंनी पाइपच्या तुकड्यावर बोट ठेवलं. तुकडा ढिम्म हलेना.

"पाइप जमिनीत पक्की असते बाई," कोंडिबाने समजावलं.

"अरे देवा! मग साहेब फिरवणार काय, माझं डोकं? बोट लावलं की फिरलं पाहिजे!"

संध्याकाळी बोट लावलं की फिरत होतं. देऊळ कळसावर उभं राहिलं. हंडा घेतलेल्या बायका डोक्यावर उभ्या राहिल्या आणि हंडे पालथे झाले.

"फक्त पाइप!" बाई ओरडल्या. "फक्त पाइप फिरव!"

गुरुवारी सगळं जमलं. देऊळ पक्कं, पाइप फिरती, पाणी वाहतं. बाईंचा जीव भांड्यात पडला. एवढ्यात त्यांना दिसलं, की चौथं चित्र संपून पहिलं लागताना पाणी उडी मारतंय. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"कोंडिबा, पटकन! मध्येच तुटल्यासारखं दिसतंय बघ. तुटलंय तिथे नीट जोडून टाक. पाणी कुठेही अडता कामा नये!" असं म्हणून बाई साहेबांना आणायला धावल्या.

कोंडिबाने पडद्यावर नजर फिरवली. कुठे तुटलंय ते त्याला लगेच दिसलं.

साहेब पंख्याखाली बसले. अर्ज बाजूला सारून खेळायला लागले. एक तुकडा फिरवला, दुसरा फिरवला, तिसरा फिरवला. पाणी टाकीतून निघालं, देवळाला वळसा घालून ओढ्यावर आलं, ओढा ओलांडून खालच्या आळीत शिरलं. पडद्यावर अक्षरं आली, "शाबास! पाणी पोचलं!"

मोबाइलवरच्या खेळात साहेब तीन महिने एकाच पायरीवर अडकले होते. त्यांना अगदी भरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे फायलीवर लिहिलं, "खालच्या आळीचे पाणी समक्ष पाहिले. पाइपची गरज नाही. टँकर बंद करावा."

"साहेब, एकदा ओढ्यापर्यंत चला हो!" बाई काकुळतीला आल्या.

"बाई, डोळ्यांनी पाहिलेलं पुन्हा पायांनी कशाला पाहायचं?" साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

बाईंनी पडद्यावरच्या ओढ्यावर बोट ठेवलं. "कोंडिबा, ओढ्यावर तुकडा कुणी घातला?"

"मीच. तुटलं होतं ना तिथे."

दारात खालच्या आळीच्या वच्छीकाकू उभ्या होत्या. टँकर बंद झाल्याचं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी आत येऊन रिकामा हंडा टेबलावर आदळला.

"बघ की, किती पाणी वाहतंय! लाव आता हंडा!"

कोंडिबाने हंड्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. सोमवारचा धडा त्याला चांगला आठवत होता.

"एकावर नाही भागायचं, काकू," तो म्हणाला. "चार आणा. एकामागून एक लावू."