जुन्या राजाच्या काळातला नवस

पूर्वी मंदा नदीच्या काठी रत्नतट नावाच्या नगरात भूरिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा प्रधान अमात्य होता. त्या जन्मी त्याचे नाव क्षेमदत्त होते. त्याच नगरात, घाटाच्या खालच्या अंगाला, मल्लक नावाचा एक नावाडी राहत असे. त्याची बायको वारली होती. उत्पला ही एकुलती एक लेक. ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

भूरिसेनाच्या राज्यात नदीच्या देवीला पशू बळी देण्याची चाल होती. पूर येऊ नये म्हणून राजा रेडे देई आणि प्रजा आपापल्या नवसाचे कोंबडे-बोकड देई. क्षेमदत्ताने राजाला परोपरीने विनवून पाहिले. राजा म्हणे, "अमात्य, वाडवडिलांनी चालवलं ते माझ्या हातून मोडायचं नाही." तेव्हा क्षेमदत्ताने राजाचा नाद सोडला आणि राजपुत्र श्रुतसेनाच्या शिक्षणाकडे मन लावले.

इकडे उत्पला अडली. कळा सुरू होऊन दुसरा दिवस उजाडला तरी सुटका होईना. सुईणीने हात टेकले. मल्लक धावत घाटावर गेला, कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, माझ्या लेकीला सोडव. दारचा बोकड तुला देईन." तो परत आला तेव्हा घरातून बाळाचे रडणे ऐकू येत होते. मल्लक उंबऱ्यातच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

नवस फेडायचा राहिला होता, एवढ्यात भूरिसेन राजा वारला. श्रुतसेन गादीवर बसला. क्षेमदत्ताच्या हाताखाली वाढलेला तो तरुण दयाळू होता, पण उतावळाही होता. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत नगरात दवंडी पिटली गेली, "आजपासून देवाच्या नावाने कोणी प्राणी मारू नये. जो मारील त्याचा उजवा हात तोडला जाईल." यातली मनाई क्षेमदत्ताने सुचवली होती. शिक्षा राजाने स्वतः जोडली होती, आणि क्षेमदत्ताला ती दवंडीच्या आवाजातूनच कळली.

मल्लकाने दवंडी ऐकली आणि तो बोकडाकडे बघत राहिला. आपण सुटलो असे त्याला क्षणभर वाटले. तो बोकड उत्पलेच्या हातचा पाला खाऊन मोठा झाला होता. पण पंधरवडा उलटला नाही तोच बाळाला ताप भरला. शेजारणी दारात येऊन कुजबुजू लागल्या, "देवीचं देणं ठेवलंय ना यांनी." ताप चढत गेला. मल्लकाने बोकड नावेत घातला, पलीकडच्या काठावर नेला आणि नवस फेडला. परत येताना ऐन नदीत राजाच्या शिपायांनी त्याची नाव अडवली.

दुसऱ्या दिवशी त्याला दरबारात उभे केले. नवा कायदा मोडणारा हा पहिलाच माणूस, म्हणून सभागृह भरून गेले होते. सेनापती उग्रबाहू म्हणाला, "महाराज, आज दया दाखवलीत तर उद्या घाटावर रेडे उभे राहतील. नवा धर्म रुजवायचा तर हात कठोर हवा."

राजाने होकारार्थी मान डोलावली. "अमात्य, शिक्षेवर मुद्रा उमटवा."

क्षेमदत्त उठला. जुन्या राजाचा हा माणूस मनाने जुन्याच चालीचा आहे, असे उग्रबाहूने नगरात आधीच पसरवले होते. या नावाड्याची बाजू घेतली तर अमात्यपद जाईल, हे क्षेमदत्त जाणून होता. त्याने बोटातली मुद्रा काढली आणि राजासमोर ठेवली.

"महाराज, ही मुद्रा दुसऱ्या कोणाला द्यावी. माझ्या हातून हे होणार नाही. पण जाण्यापूर्वी या माणसाला दोन शब्द विचारू द्या."

क्षेमदत्त त्याच्याजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "मल्लका, बोकड कापताना तुला काय वाटलं?"

"काय सांगू, अमात्य? नाव घेतलं की धावत यायचा तो. त्या दिवशीही आला. माझा हात उठेना. पण राजा भूरिसेन असताना देवीला शब्द दिला होता. शब्द मोडला आणि नातवाला काही झालं, तर लेकीला तोंड कसं दाखवू? हात गेला तर चालेल म्हटलं, पोर राहू दे."

"पोर कसं आहे?"

"ताप उतरलाय म्हणतात. कोठडीत निरोप आला."

"बोकडामुळे उतरला?"

"ते मला कळत नाही. मी नदी ओलांडायच्या आधीच अंग निवलं होतं, असं लेकीनं कळवलंय."

क्षेमदत्त राजाकडे वळला. "महाराज, या माणसाला रक्ताची आवड नाही, याला भीती आहे. आजवर तो देवीला भीत होता. हात तोडलात तर तो देवीलाही भिईल आणि आपल्यालाही. भीती तेवढी वाढली. दया कुठे वाढली? आणि रक्त सांडू नये म्हणून आपण आज्ञा काढली, पण या नदीकाठी पुढचं रक्त त्या आज्ञेपायीच सांडेल."

राजाचा चेहरा उतरला. तरी तो म्हणाला, "पण चूक ती चूकच ना, आचार्य?"

"चूकच. आपण लहानपणी बागेतला बगळा बाणाने पाडून माझ्याकडे आनंदाने घेऊन आला होता, तीही चूक होती. मी आपल्याला काही बोललो नाही. आपल्या मनात दया उगवायला कितीतरी पावसाळे लागले, आणि मी वाट पाहिली. या नावाड्याला आपण एक पंधरवडा दिलात."

श्रुतसेन सिंहासनावरून उतरला. मुद्रा उचलून त्याने ती क्षेमदत्ताच्या बोटात पुन्हा घातली आणि शिपायांना म्हणाला, "याचे दोर सोडा."

मल्लकाला आधी काही उमजेना. दोर गळून पडले तेव्हा त्याने उजवा हात छातीशी धरला आणि बोटे उघडून मिटून पाहिली.

"शिक्षा मी मागे घेतो, मनाई तशीच राहील," राजा म्हणाला. "आणि माझ्या वडिलांच्या राज्यात ज्यांनी ज्यांनी पशूचा नवस बोलला असेल, त्या सगळ्यांचे नवस आजपासून माझ्या माथी. देवीला कोपायचं असेल तर तिने माझ्यावर कोपावं. मल्लका, मला नदीच्या मध्यावर नेशील का? तिथून मला हे सगळ्यांना ऐकवायचं आहे."

"नेतो, महाराज," मल्लक म्हणाला, आणि नाव सोडायला घाटाकडे निघाला.

मध्यधारेत उभे राहून राजाने तेच शब्द उच्चारले. दोन्ही काठांवर माणसे दाटली होती. कितीतरी घरांत फेडायचे नवस साठले होते, आणि फेडावेत तर हात जाईल, न फेडावेत तर लेकरू जाईल, या धास्तीने बायामाणसांची झोप उडाली होती. राजाचे बोलणे संपले तसा काठावर कोणीतरी मोठा श्वास सोडला, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता सारा घाट हसू-रडू लागला.

त्या वर्षी नदी चढली आणि नेहमीसारखी उतरली. राजाने देवीचे देऊळ पाडले नाही. लोक फुले आणि दहीभात आणू लागले. दोघातिघांनी चोरून कोंबडी कापली. क्षेमदत्त त्यांच्या घरी जाऊन बसला, बोलला, जेवला. काही वर्षांनी बळीची चाल आपोआप विरून गेली, आणि मल्लकाचा नातू दारच्या करडांमागे धावू लागला.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, जेतवनातल्या विहारात सांगितली. तिथे एका तरुण भिक्षूवर नुकतीच विहाराची व्यवस्था सोपवली होती, आणि नियम चुकला म्हणून तो एका वृद्ध भिक्षूचे भिक्षापात्र बाहेर ठेवून त्याला विहारातून घालवायला निघाला होता. कथा सांगून शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, त्या वेळचा श्रुतसेन राजा म्हणजे हा तरुण भिक्षू, मल्लक नावाडी म्हणजे हा वृद्ध, आणि अमात्य क्षेमदत्त मीच होतो. दुसऱ्याचं मन वळेपर्यंत न चिडता वाट पाहणं, हीच क्षांती. त्या जन्मी मी बुद्धत्वाकडे नेणारी तीच पारमिता पाळली."

तरुण भिक्षू उठला आणि वृद्धाचे भिक्षापात्र त्याने आपल्या हाताने परत त्याच्या कुटीत नेऊन ठेवले.