कोळणीची बाहुली का तडकली?

कुंभाराचं चाकही कुणाला ठाऊक नव्हतं, इतक्या पूर्वीची गोष्ट. दूर दक्षिण अमेरिकेत, समुद्रकाठच्या एका गावात एक कुंभारीण राहायची. गावात पाणी भोपळ्यात भरत आणि मासे निखाऱ्यावर भाजत, त्यामुळे भाजलेल्या मातीची वस्तू म्हणजे फक्त तिच्या बाहुल्या. एखाद्या बाईला मूल हवं असलं, की कुंभारीण तिच्यासारखीच वीतभर बाहुली घडवायची, अगदी केसांच्या ठेवणीसकट. मूल झालं की बाहुली परत यायची. ती फोडून तिचा चुरा पुढच्या बाईच्या मातीत मळायचा, अशी रीत होती.

कुंभारणीला भारी चौकशा. फोडायची कशाला, असं तिनं सासूला विचारलं होतं. माझी सासू फोडायची म्हणून, एवढंच सासू म्हणाली.

एकदा गावप्रमुखाच्या सुनेची बाहुली परत आली. इतकी देखणी बाहुली आजवर तिच्या हातून उतरली नव्हती. फोडायला जीव होईना. तिनं ती गुपचूप कोनाड्यात ठेवून दिली आणि येताजाता पाहून खूश होऊ लागली.

पुढं एक कोळीण आली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, कूस रिकामी. तिची बाहुली भट्टीतच तडकली. दुसरी केली, तीही तडकली. अशा बाहुल्या अशुभ म्हणून लगेच समुद्रात टाकत. हिला मूल होणारच नाही, असं गाव बोलू लागलं. कोळणीच्या सासूनं तर लेकासाठी दुसरी मुलगी बघायला घेतली.

कोळीण रडली नाही. कुंभारणीजवळ बसून तिनं विचारलं, "मावशी, माझ्यात काय कमी आहे, हे मातीला कसं कळलं?"

कुंभारीण चपापली. मातीला काय कळणार? ओढ्याची माती तीच, आग तीच, हात तेच. मग वेगळं काय झालं? या खेपेला मातीत जुन्या बाहुलीचा चुराच नव्हता, आणि चुऱ्याविना नुसती माती आगीत तडकत होती. तिची नजर कोनाड्याकडे गेली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं देखणी बाहुली फोडली, कुटली, मातीत मळली. नवी बाहुली भट्टीतून अखंड निघाली. ती घेऊन कुंभारीण थेट कोळणीच्या सासूपुढं उभी राहिली. "खोट हिच्यात नव्हती. हिच्या वाटचं मी शोभेला ठेवलं होतं," ती म्हणाली. दुसऱ्या मुलीचा विषय तिथंच थांबला.

पुढं कोळीण बाहुली परत घेऊन आली, तेव्हा तिच्या कडेवर लेक होती. बाहुली गोड होती. कुंभारीण ती क्षणभर न्याहाळत राहिली, मग तिनं दगड कोळणीच्याच हातात दिला.

"तूच फोड, पोरी. बाहेर एक जण केव्हाची बसली आहे."

तात्पर्य काय, तर आपलं काम झालेली वस्तू मोहानं अडवून ठेवली, की तिच्यावाचून दुसऱ्याचं अडतं.