रिबकाआत्याचा खोकला

बोरखिळे गावात एक होती रिबकाआत्या, आणि तिच्याकडं गाणी शिकायला आलेला एक होता अनुग्रह मास्तर. आत्याला अक्षर येत नव्हतं. मास्तरला गाणंसुद्धा अक्षरात लिहिलेलं लागायचं.

तर मास्तर विचारत होता,

"आत्या, पोरांना हे खोकायला कुणी शिकवलं?"

आत्या शाळेमागच्या चुलीपाशी बसून खिचडीचे तांदूळ निवडत होती.

"कसलं खोकणं?"

"गाण्यातलं. दुसरी ओळ सरते तिथलं."

"गाण्यात कुठं खोकणं असतंय मास्तर?"

"तेच तर मी विचारतोय."

आत्यानं सूप खाली ठेवलं.

इथं थोडं मागचं सांगते. शाळेत पोरं होती, पण पेटी नव्हती. चर्चमध्ये पेटी होती, पण पोरं उरली नव्हती. आमच्या चर्चच्या मंडळीतली तरणी माणसं सगळी पुण्याला कामाला गेलेली. मग शाळेचे गुरुजी आणि पाळकसाहेब एकदा बाभळीखाली बसले आणि ठरलं. बुधवारी आणि शनिवारी शाळा सुटली की पोरांनी चर्चमध्ये गायला जायचं. ज्याचा देव त्याच्या घरी, गाणं सगळ्यांचं. धनगराची पोरं यायची, पाटलाची यायची, रुकय्या नावाची तांबोळ्याची पोरगी यायची. आणि शिकवायला कोण, तर शाळेत खिचडी रांधणारी रिबकाआत्या. तिच्याएवढी गाणी पाठ असलेलं पंचक्रोशीत दुसरं कुणी नव्हतं.

तीस वर्षं तिनं शिकवलं. एकाही पोराला कधी "तुझा गळा नाही" म्हणाली नाही. घोगऱ्या पोराला गोड गळ्याच्या पोरीशेजारी उभं करायची. म्हणायची, ज्वारीत करडईची एक ओळ असावी, ती टोचते म्हणून जनावर आत शिरत नाही.

आता डोळे अधू झाले, पाय थकले. म्हणून शाळेच्या आणि चर्चच्या, दोन्ही कमिट्यांनी मिळून मास्तर आणला. गाणी आत्याकडून घ्यायची, पोरांकडून बसवायची.

मास्तरनं रुकय्याला हाक मारली.

"म्हण गं सुगीचं गाणं. आत्यांना ऐकू दे."

रुकय्यानं हात मागं बांधले.

*मूठभर पेरले आम्ही, पोतंभर दिलेस तू,*
*कोरड्या या माळावरी हिरवी शाल टाकलीस तू…*

मग पोरीची मान डावीकडं वळली. मूठ तोंडाशी गेली. "खुं, खुं." मान परत जागेवर आली.

*पाखरांचा वाटा त्यात, पाहुण्यांचा वाटा त्यात…*

आत्या बघत राहिली.

"परत म्हण."

पोरीनं परत म्हटलं. परत मान डावीकडं, परत मूठ, परत खुं खुं.

"अगं, हे तर माझं आहे," आत्या म्हणाली.

आणि हसत सुटली. हसता हसता तिला खरा खोकला आला. चुलीच्या धुराचा, तीस वर्षांचा. तिनं मान डावीकडं वळवली, कारण उजव्या हाताला पेटी ठेवायची तिची सवय, आणि पेटीवर खोकायचं कसं?

"तीस वर्षं पोरं खोकतायत," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि मला मेलीला कुणी सांगितलं नाही?"

"लोकांना वाटतं, ते गाण्यातच आहे," मास्तर म्हणाला. "मागच्या बाकावरचे म्हातारेसुद्धा खोकतात. आणि परवा शेवगावकडं दिलेली एक लेक माहेरी आली होती. ती म्हणाली, सासरच्या चर्चमध्येही मी असंच बसवलंय."

"देवा… तिकडंही पोचला होय?"

"आत्या, मला तो काढायचाय."

"काढा की."

"तुम्हाला राग नाही येणार?"

"खोकल्याचा कसला राग? कुणी आंदण दिलाय का मला?" तिनं सूप परत मांडीवर घेतलं. "फक्त, काढलेलं लगेच उकिरड्यावर टाकू नका मास्तर. चार दिवस वळचणीला राहू द्या."

"खोकला वळचणीला कसा ठेवायचा?"

आत्या तांदूळ निवडत राहिली.

मास्तर हसला आणि गेला. त्याला वाटलं, म्हातारीचं बोलणं.

त्याचंही चुकत नव्हतं. त्याच्या जिवाला एक घोर होता. बायको एस्तेर आणि चार वर्षांची लेक शलोमी जालन्याला मेव्हण्याच्या घरी होत्या. तीन वर्षं झाली होती. मास्तर महिन्या-दोन महिन्यांनी जायचा, तेव्हा ती पोरगी आईच्या पदराआड लपायची आणि आत ओरडून सांगायची, "आई, पाहुणे आले."

हे त्यानं मला एकदा सांगितलं होतं. हसत सांगितलं होतं. पण मला काही हसू आलं नाही.

आता ज्वारी खळ्यात आली की चर्चमध्ये सुगीचा सण. त्या दिवशी दोन्ही कमिट्या पुढं बसून गाणं ऐकणार होत्या. गाणं बसलं तर मास्तर कायमचा, आणि चर्चमागच्या दोन खोल्या त्याच्या. एस्तेर आणि पोरगी यायच्या. नाही बसलं, तर त्यानं आपली वळकटी उचलायची.

असं असताना पोरं कमिटीपुढं खोकली तर?

मास्तरनं पंधरा दिवसांत खोकला काढला. मारलं नाही कुणाला. जो खोकेल त्यानं पायरीवर जाऊन बसायचं, एवढंच. पहिल्या दिवशी सगळी बेचाळीस पोरं पायरीवर होती आणि आत नुसती पेटी. पंधराव्या दिवशी पायरी रिकामी झाली.

पण गाणं काही सरळ होईना.

दुसरी ओळ सरायची, तो "तू" लांबत लांबत तिसऱ्या ओळीत जायचा, आणि "पाखरांचा" म्हणेपर्यंत निम्मी पोरं गळायची. "पाहुण्यांचा" येईस्तोवर उरलेलीही गपगार. शेवटी एकटी पेटीच वाजत राहायची.

"जोर लावा," मास्तर म्हणायचा.

पोरं जोर लावायची. गळ्याच्या शिरा फुगायच्या. सूर मात्र ओल्या पापडासारखा खाली लोंबायचा.

मास्तरनं पोरांना चर्चभोवती पळवलं. बोरूच्या नळ्या फुंकायला लावल्या. पहाटे उठून लांब श्वास घ्यायला सांगितलं. एका पोराच्या आजीनं येऊन विचारलं, "मास्तर, गाणं शिकवताय का पोरांना पलटणीत धाडताय?"

रुकय्यानं एकदा हात वर केला.

"सर, दम कुठं घ्यायचा?"

"ओळ संपली की."

"ओळ संपतच नाही सर."

मास्तरनं चर्चचं गाण्यांचं पुस्तक उघडून बघितलं. खरंच, पुस्तकात तिथं थांबा नव्हता. ओळीला ओळ जोडलेली.

"पुस्तकात आहे तसंच म्हणायचं," तो म्हणाला.

सणाच्या आदल्या दिवशी तो आत्याकडं आला. उभ्या उभ्याच बोलला.

"आत्या, उद्या तुम्ही मागं बसाल का?"

"का?"

"पुढं बसलात आणि खोकला आला… पोरं तुमच्याकडं बघतात."

आत्यानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली,

"मागं बसेन. तोंडात लवंगही धरेन. माझ्यामुळं तुमची पोरगी जालन्याला नको राहायला."

दुसऱ्या दिवशी चर्च नुसतं भरलं होतं. खांबांना ऊस बांधलेले, वेदीपुढं ज्वारीची पोती, भोपळे, वांग्यांच्या पाट्या. पुढच्या बाकावर पाळकसाहेब, शाळा समितीचे दगडू पाटील आणि बाकीचे. आत्या अगदी मागं, दाराशी, पोत्याला टेकून बसली होती. मी तिच्या शेजारीच होते. गालात लवंग धरलेली, ओठ घट्ट मिटलेले.

मास्तरनं पेटीवर सूर दिला. पोरं उभी राहिली. पांढरे सदरे, तेल लावलेले भांग.

पहिलं कडवं सुरू झालं. पहिली ओळ अशी लागली की दगडू पाटलांनी पागोटं सरळ केलं.

दुसरी ओळ. "तू" लांबला. लांबला… पोरांचे चेहरे लाल झाले.

"पाखरांचा" आला, आणि डावीकडची रांग गेली. "वाटा त्यात" आलं, उजवीकडची गेली. "पाहुण्यांचा" कुणी म्हटलंच नाही. रुकय्या एकटी तोंड उघडून उभी होती, आवाज नव्हता. डोळ्यांत पाणी होतं.

पाळकसाहेब खाली बघू लागले.

चर्चमध्ये एवढी माणसं, पण कुणी हललं नाही. पेटी तेवढी वाजत होती. मास्तरची बोटं चालत होती आणि चेहरा पांढरा पडला होता.

दुसरं कडवं यायचं होतं. पुन्हा त्याच चालीचं, तिसरी ओळही तीच, पुन्हा तीच उडी.

मास्तरनं मान वर केली आणि पोरांच्या डोक्यांवरून थेट मागं बघितलं. आत्याकडं.

मी आत्याला कोपर मारलं. म्हटलं, खोक की गं आता, त्याचं घर राहील.

आत्या खोकली नाही. तिनं शब्द दिला होता. ती फक्त त्याच्याकडं बघत राहिली, आणि तिची छाती एकदा सावकाश वर आली… आणि खाली गेली.

बस, एवढंच.

दुसरं कडवं सुरू झालं. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. "तू" लांबला. पोरांचे चेहरे पुन्हा ताठ झाले.

तेव्हा अनुग्रह मास्तरनं, गाण्याच्या सगळ्या परीक्षा पास झालेल्या माणसानं, दोन्ही कमिट्यांच्या समोर मान डावीकडं वळवली. मूठ तोंडाशी नेली.

"खुं, खुं."

बेचाळीस माना डावीकडं वळल्या. बेचाळीस मुठी वर गेल्या. मागच्या बाकावरचे म्हातारे खोकले. दगडू पाटील खोकले. खोकल्यापाठोपाठ पोरांच्या पोटात वारं भरलं, ते मी डोळ्यांनी बघितलं. सदऱ्यांच्या गुंड्या ताणल्या.

*पाखरांचा वाटा त्यात, पाहुण्यांचा वाटा त्यात…*

काय सांगू. दारात बांधलेली शेळी उठून उभी राहिली. खांबाच्या उसाची पानं हलत होती, आणि वारा तर नव्हता.

आत्यानं लवंग थुंकली.

गाणं सरलं. कमिट्यांची बैठक तिथंच, पोत्यांवर बसून झाली. पाळकसाहेब म्हणाले, "पहिल्या कडव्याचं काय झालं?" दगडू पाटील म्हणाले, "पहिल्या कडव्यात मास्तर परगावचा होता." चर्चमागच्या खोल्यांची किल्ली मास्तरच्या हातात पडली.

संध्याकाळी मास्तर चुलीपाशी आला. आत्यासमोर खाली बसला, मातीत.

"आत्या, तुम्हाला ठाऊक होतं."

"काय?"

"खोकल्याच्या जागी श्वास आहे ते."

"मला खोकलाच ठाऊक नव्हता. श्वासाचं काय विचारतोस बाळा?"

तोवर ती त्याला अहो-जाहो करायची. त्या दिवसापासून तो "बाळा" झाला.

मग त्यानं पुस्तक काढलं, पेन्सिल काढली, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक बारीक खूण केली.

"आता पोरांना सांगतो, इथं नुसता श्वास घ्या. खोकायचं कारण नाही."

"सांग की," आत्या म्हणाली.

त्यानं सांगितलं. पोरांनी "हो सर" म्हटलं. आणि श्वास घ्यायची वेळ आली की मान डावीकडं वळवून खोकली.

महिन्याभरानं एस्तेर आली. सोबत दोन ट्रंका, एक पाटा-वरवंटा आणि शलोमी. पोरगी चार दिवस आईचा पदर सोडेना. शेजारणीला म्हणाली, "आम्ही पाहुण्यांच्या घरी राहायला आलोय."

मास्तरनं ते ऐकलं.

बुधवार आला. पोरं गायला जमली. आत्याही काठी टेकत आली होती, पेटीपाशी बसली. शलोमी दाराशी उभी राहून बघत होती. मग एक पाऊल आत आली. मग दोन. रुकय्यानं हात धरून तिला आपल्या शेजारी रांगेत घेतलं. लेकीला जवळून ऐकावं म्हणून मास्तर पेटी सोडून उठला आणि तिच्या उजव्या हाताला जाऊन उभा राहिला. हातानंच ताल देत होता.

पहिली ओळ झाली. शलोमीचे नुसतेच ओठ हलत होते.

दुसरी झाली.

बेचाळीस माना डावीकडं वळल्या, आणि त्रेचाळिसावी, एवढीशी, त्यांच्या मागोमाग. मूठ तोंडाशी. "खुं, खुं." आणि मग "पाखरांचा," असा खणखणीत की सगळी पोरं तिच्याकडं बघू लागली.

गाणं थांबलं. पोरीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

"बाबा, मला आलं का?"

मास्तरचा ताल द्यायचा हात तसाच राहिला. त्यानं आत्याकडं बघितलं.

"आत्या… आता हिला काय शिकवू?"

आत्यानं काठीनं जमिनीवर दोनदा टकटक केलं.

"काही शिकवू नको. आधी तिच्या डाव्या बाजूला ये, तिची मान तिकडं वळते."