सशाचा मऊभात

ज्या काळी गावाला वेस होती आणि वेशीचे दार दिवेलागणीला लोटले जाई, त्या जुन्या काळची ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनीही ऐकावी, आणि जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

डोंगराच्या पायथ्याशी विणकरांचे एक गाव होते. त्या गावात एक म्हातारा विणकर राहत असे. त्याला मूलबाळ नव्हते. बायको होती, तीही वारली होती. घरात दोघेच उरले होते, तो आणि त्याचा ससा.

ससा बायकोने वाढवलेला होता. ओढ्याकाठच्या गवतात तिला तो सापडला, तेव्हा मुठीत मावेल एवढा होता. सूत काढण्यासाठी पिंजलेल्या कापसाची लांबट वळी करतात, तिला पेळू म्हणतात. हाही तसाच पांढरा आणि मऊ, म्हणून तिने त्याचे नाव पेळू ठेवले. मरताना तिने स्वतःसाठी काही मागितले नाही. नवऱ्याला एवढेच म्हणाली, "माझ्यामागं पेळूला काही कमी पडू देऊ नका."

म्हाताऱ्याने कमी पडू दिले नाही. रोज सकाळी तो ओढ्यावर जाई आणि हरळीची पेंढी घेऊन येई. उन्हाळ्यात हिरवे मिळाले नाही, तर वाळले गवत आणी. मग तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसे आणि पेळू कडेला बसून गवत खाई. एकीकडे सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याची खटखट चाले, दुसरीकडे दातांची कुरकुर.

कधी कधी पेळू गवत सोडून मागावरचे सूतच कुरतडी. म्हातारा त्याला म्हणे, "खा बाबा. गिऱ्हाइकाला सांगतो, आमच्या घरी विणकर दोन आहेत. एक विणतो, एक उसवतो."

वर्षे गेली. पेळू म्हातारा झाला. त्याच्या पाठीची हाडे हाताला लागू लागली. सारवलेल्या जमिनीवर त्याचे मागचे पाय घसरू लागले. पूर्वी तो पेंढी बघता बघता फस्त करी, आता एकेक काडी बराच वेळ चघळत बसे आणि जाड काड्या तशाच टाकून देई.

म्हातारा त्या टाकलेल्या काड्या उचली आणि मनात म्हणे, याचेही माझ्यासारखेच झाले.

आता त्या गावाची एक रीत सांगायला हवी. माणसाचे दात पडले, की घरची मंडळी एक दिवस ठरवून त्याला पाटावर बसवीत. दूधगूळ घालून गुरगुट्या भात शिजवीत आणि शेजारीपाजारी येऊन त्याला एकेक घास भरवीत. याला ते मऊभात म्हणत. त्या दिवसापासून त्या माणसाच्या ताटात कुणी कडक भाकरी वाढत नसे. तू आजवर पुष्कळ चावलेस, आता आम्ही तुझ्यासाठी मऊ करू, असे जणू सारे गाव त्याला सांगे.

म्हाताऱ्याला घरचे कुणी नव्हते. तरी शेजारणीने पुढाकार घेऊन त्याचा मऊभात केला होता. ती त्याच्या बायकोची मैत्रीण होती. पहिला घास तोंडात गेला तेव्हा म्हाताऱ्याला रडू आले होते. आपली कुणाला तरी आठवण आहे, याचे ते रडू होते. तो दिवस तो विसरला नव्हता.

म्हणून एका सकाळी तो शेजारणीच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, पेळूचा मऊभात करायचा म्हणतो."

शेजारीण धान्य निवडत होती. ती म्हणाली, "भावजी, सशाचा मऊभात कुणी केलाय का कधी?"

"केला नसेल. पण तो माझ्या घरचाच आहे ना?"

तिने निवडलेले तांदूळ सुपातून त्याच्या पंच्यात ओतले.

मऊभाताला सारी आळी आली. पेळूला पाटावर बसवले. त्याला हळदीचे बोट लावले. गावचा तेली होता तोंडाळ. तो म्हणाला, "अहो, पण याचे दात पडले कशावरून? कुणी उघडून बघितलंय का तोंड?"

शेजारीण हसून म्हणाली, "भावजींच्या तोंडात नाहीत, म्हणजे याच्याही नसणार. एका घरात दोन तऱ्हा कशाला?"

सगळे हसले. म्हातारा सगळ्यांत जास्त हसला. विचारायला हवे होते तेच तेल्याने विचारले होते, पण हसण्याच्या गडबडीत ते तसेच वाहून गेले.

त्या दिवसापासून म्हाताऱ्याने ओढ्यावर जाणे बंद केले. हरळी बंद झाली, वाळले गवत बंद झाले. सकाळी उठून तो चूल पेटवी, भात शिजवी, बोटांनी कुस्करून लोण्यासारखा करी आणि वाटी पेळूपुढे ठेवी. पेळूला गूळ आवडला. तो वाटी चाटून पुसून ठेवी. म्हाताऱ्याला धन्य वाटे.

त्याने आपल्या हाताने विणलेल्या कापडाची चौघडी घातली आणि पेळूला तिच्यावर बसवले. पेळू आता तिथून फारसा हलत नसे. अंगाखाली ओले झाले, की म्हातारा कोमट पाण्याने त्याचे पाय धुई, पुसून कोरडे करी, चौघडी बदली. आईने लेकराचे करावे तसे तो त्याचे करी. यात काही खोट नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो. त्याच्या मायेत काही खोट नव्हती.

मागावर आता नुसत्या धोट्याची खटखट ऐकू येई.

काही दिवसांनी पेळूची हनुवटी ओली राहू लागली. म्हातारा म्हणे, "तोंडाला पाणी सुटतंय लबाडाच्या." मग पेळू डोळे मिटून दातांवर दात घासू लागला. म्हातारा म्हणे, "कसा समाधानात बसलाय." त्याच्या लेंड्या बारीक झाल्या, मग कमी झाल्या. म्हातारा म्हणे, "मऊ खाणं आहे, सगळं अंगी लागत असेल."

मग पेळू वाटीतला भात तसाच टाकून देऊ लागला. म्हाताऱ्याने गूळ वाढवला. पेळूने आणखी टाकला. म्हाताऱ्याने तूप घातले. पेळू वाटीपाशी येई, तोंड खाली नेई आणि तसाच मागे सरके. नंतर तो म्हाताऱ्याकडे येऊन त्याच्या बोटांवर तोंड दाबून धरी. म्हातारा त्याचे कान कुरवाळी आणि म्हणे, "कळतंय रे तुझं प्रेम. पण थोडं खा."

शेवटी एके दिवशी पेळूने वाटीकडे पाहिलेच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग शेजारीण आली आणि बराच वेळ त्याच्याजवळ बसून राहिली.

"रुसलाय," म्हातारा म्हणाला. "गूळ जुना आहे, म्हणून."

"भावजी, हा रुसलेला नाही. याला काहीतरी दुखतंय."

"दुखलं असतं तर ओरडला असता."

"आजवर कधी ओरडलाय का तो? काटा रुतला, कुत्रं मागं लागलं, तेव्हा ओरडला होता का?"

म्हातारा आठवू लागला. त्याला एकही वेळ आठवली नाही. तेव्हा प्रथमच त्याने भाताची वाटी बाजूला सारली.

डोंगरावरच्या खिंडीत एका धनगर बाबाचा मेंढरांचा वाडगा होता. दुखणाईत जनावर लोक त्याच्याकडे नेत. दुसऱ्या दिवशी उजाडताच म्हाताऱ्याने टोपलीत चौघडी घातली, पेळूला आत ठेवले आणि वर फडके टाकले. चढ उभा होता. म्हातारा चार पावले टाकी आणि फडके उचलून बघे. "आहेस ना रे?" विचारी. पेळूच्या नाकपुड्या हलत. मग तो पुढची चार पावले टाकी.

धनगर बाबाने पेळूला मांडीवर घेतले. पोट दाबून पाहिले. मग अंगठ्याने हळूच त्याचे तोंड उघडले आणि उन्हाकडे वळवले.

"खायला काय घालता, विणकरदादा?"

"मऊभात."

"आणि गवत?"

"ते बंद केलं. म्हातारा झाला ना तो. चावणार कसा?"

"या इकडं," बाबा म्हणाला. "बघा."

म्हातारा वाकला. पेळूच्या तोंडात दात होते. सगळे होते. पुढचे दात वाढून आत वळले होते. मागच्या दाढांना बाभळीच्या काट्यांसारखी टोके फुटली होती आणि ती टोके जिभेत आणि गालात रुतली होती. जिथे रुतली होती, तिथे तांबडी भोके पडली होती.

"माणसाचे दात झिजतात आणि पडतात," बाबा म्हणाला. "सशाचे मरेस्तोवर वाढत राहतात. गवत त्यांना घासून जागेवर ठेवतं. म्हातारपणी चावायला वेळ लागतो, पण चावावं लागतंच. त्याला गवत सोडून दुसरं काही नको होतं, दादा."

म्हातारा खाली बसला. हनुवटीवरची ओल त्याला आठवली. दात घासणे आठवले. आपल्या बोटांवर दाबलेले ते तोंड आठवले. प्रेम कळतंय म्हणून तो त्याला सांगत होता, आणि पेळू त्याला रोज आपले तोंड दाखवत होता.

"दात कापा," तो म्हणाला. "काय लागेल ते करा."

बाबाने खूर कापायच्या हत्याराने पुढचे दात जपून कापले. "दाढांपर्यंत माझा हात पोचत नाही," तो म्हणाला. "आणि पोट दगडासारखं झालंय. सशाचं पोट गवतावर चालतं. थांबलं, की पुन्हा चालवणं अवघड. तरी बघू. त्याच्यापुढं गवत धरा."

खिंडीत हरळी खूप होती. म्हाताऱ्याने कोवळी काडी निवडली आणि पेळूच्या तोंडाशी धरली. पेळूने ती लगेच घेतली. इतके दिवस ज्याची वाट पाहिली, ते ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. पण घेतली, तशीच ती ओठांत राहिली. चावण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

म्हाताऱ्याने ती काडी काढून स्वतःच्या तोंडात घातली. चावून, मऊ करून द्यावी, असे त्याच्या मनात आले. त्याने हिरड्यांवर हिरड्या दाबल्या. काडी जशीच्या तशी राहिली. त्याने पुन्हा दाबल्या. धनगर बाबाने मान फिरवली.

मग म्हाताऱ्याने दोन दगड घेतले, त्यांत हरळी ठेचली आणि फडक्यातून रस पिळून पेळूच्या ओठांवर थेंब थेंब सोडला. पेळूने दोन घोट गिळले. म्हाताऱ्याने मोठ्या आशेने बाबाकडे पाहिले. बाबाने खाली पाहिले.

ऊन डोक्यावर येण्याच्या आत पेळू गेला. म्हाताऱ्याच्या मांडीवर गेला, हनुवटी त्याच्या मनगटावर ठेवून. तेव्हाही त्याने आवाज केला नाही.

थोड्या वेळाने बाबा म्हणाला, "दादा, तुम्ही त्याला जीव लावलात."

"लावला," म्हातारा म्हणाला. "पण एकदा तोंड उघडून बघितलं नाही."

त्याने पेळूला खिंडीतच पुरले आणि रिकामी टोपली घेऊन तो गावात आला. आळीतली माणसे समाचाराला जमली. तेली म्हणाला, "सोनं झालं त्याचं. खाऊनपिऊन गेला."

"उपाशी गेला," म्हातारा म्हणाला. "भरल्या वाटीपुढं उपाशी गेला. मी ठेवला त्याला उपाशी."

हे कुणाला ऐकवेना. एकेक जण उठून घरी गेला. शेजारीण तेवढी बसून राहिली.

नंतर पुष्कळ दिवसांनी तिला कापसाच्या शेतात सशाचे एक पिल्लू सापडले. आई कुठे दिसेना. तिने ते पदरात घेऊन म्हाताऱ्याच्या घरी आणले. "भावजी, घर फार गप्प झालंय तुमचं," ती म्हणाली. "हे ठेवा. आता तर तुम्हाला सगळं ठाऊक झालंय."

म्हाताऱ्याने पिल्लू ओंजळीत घेतले. त्याने हळूच पिल्लाचे तोंड उघडले आणि आतले तांदळाएवढे दात पाहिले. बराच वेळ पाहिले. मग त्याने पिल्लू तिच्या पदरात परत ठेवले.

"हे सापडलं तिथंच सोडून या, वहिनी. आई येईल त्याची."

"आणि नाही आली तर?"

"तर धनगर बाबाकडं न्या. मला नका देऊ. मला एकाच्या दातांबद्दल कळलं. दुसऱ्याचं काय दुखेल, ते मला कुठं ठाऊक आहे? मी आपला प्रेमच करत बसेन."

ती पिल्लू घेऊन गेली. म्हातारा मागावर जाऊन बसला, पण त्याने धोटा हातात घेतला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही फारसा कधी नाही. त्याचे उरलेले दिवस तसेच गेले. त्याच्या घरातून कसलाच आवाज येईनासा झाला.

तात्पर्य: ज्याला जपायचे, त्याला आपल्याला गोड लागते ते भरवू नये, त्याला काय लागते ते आधी नीट पाहावे, कारण पुष्कळ जीव दुखणे बोलून दाखवीत नाहीत.