राजा उभा का राहिला?

“लिहिलेला नाही तो कायदाच नाही!” राजा हंबीरसेन गरजला. “तुझा कायदा उद्या दरबारात आण आणि या डोळ्यांना दाखव. नाही दाखवलास, तर तुझा निवाडा रद्द! पुन्हा न्यायाला बसायचं नाही!”

बारकी धवलेरी मान डोलावून बाहेर आली आणि पायरीवर मटकन बसली. वारल्यांची लग्नं लावणारी बाई ती. लग्न तिनं लावलं, की पुढची भांडणंही तिच्याच पदरात यायची. सवणीचा नवरा वारला आणि दीर लाखमानं तिची मोहाची झाडं बळकावली. बारकीनं निवाडा दिला, “जिनं जन्मभर झाडाखाली वेचलं, झाड तिचं. आपल्या आज्यांचा कायदा आहे.” लाखमा तडक राजाकडे गेला.

निघताना बारकीनं अख्ख्या पाड्यासमोर फुशारकी मारली होती, “राजाच ना? दोन शब्दांत गप्प करते!” ते दोन शब्द कोणते, तेवढं ठरवायचं राहून गेलं.

“सवणे,” ती पायरीवर वाट बघत बसलेल्या सवणीला म्हणाली, “माझी जीभ पुढे पळते आणि अक्कल मागून लंगडत येते गं.”

“मग आता काय करायचं?” सवणी रडकुंडीला आली. झाडं गेली तर पोरांना खायला काय घालणार?

“थांबू जरा. अक्कल निघाली असेल, येईल!”

पाणी मागायला दोघी वाड्याच्या मागच्या अंगणात गेल्या. तिथं राजाची म्हातारी आई वाल सोलत बसली होती. बारकीही शेजारी बसून सोलू लागली. दोन मुठी सोलून होतात न होतात, तोच तिचे हात थांबले.

“आई, उद्या दरबारात येशील?”

“येऊन काय करू?”

“काही नको. नुसती ये.”

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. लाखमा मिशीला पीळ देत पुढेच बसला होता.

“आणलास कायदा?” राजानं विचारलं.

“आणला की. चालत येतोय, जरा म्हातारा आहे,” बारकी म्हणाली. बोलता बोलता ती दाराकडे बघत होती. आई विसरली असेल तर? वाल शिजवत बसली असेल तर?

इतक्यात दार उघडलं आणि काठी टेकत राजमाता आत आली. राजा ताडकन उठला. प्रधान उठला, शिपाई उठले. लाखमासुद्धा उठला!

“राजा, तू उभा का राहिलास?” बारकीनं विचारलं. तिच्या बोलीत देवालाही ‘तू’च म्हणतात, राजाला वेगळं काय म्हणायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.

“का म्हणजे? आई आली!”

“आई आली की उठायचं, हे कुठल्या पोथीत लिहिलंय?”

“लिहायला कशाला हवं?”

“मग शिपायानं दम दिला असेल.”

“मला? माझ्या आईसाठी उठायला मला दम लागतो?” राजा तापला.

“नाही ना? मग बघ की डोळे भरून! लिहिलेला नाही, पण राजालाही उठवतो. कालपासून तू बघायला मागत होतास, तो हा कायदा. आमच्या आज्यांचाही असाच आहे.”

राजमाता म्हणाली, “अरे, बघून झाला असेल तर मला बसू द्या. कायद्याचे पाय दुखतायत!”

राजा खदखदून हसला. हसता हसता त्यानं आईला स्वतःच्या आसनावर बसवलं. “काय फजिती! पुरावा मागितला मी आणि भर दरबारात पुरावा म्हणून उभाही राहिलो मीच!”

त्यानं सवणीची झाडं सवणीला दिली. लाखमाची मिशी खाली आली. वारल्यांचा कुठलाही तंटा यापुढे आधी बारकीसमोर जाईल, असा हुकूम सुटला आणि तिला जरीकाठी लुगडं मिळालं.

“आणखी काय हवं? माग!” राजा म्हणाला.

बारकी लाजली. “एक शिपाई दे माझ्याबरोबर.”

“लुगडं राखायला?”

“नाही रे! राजानं माझं ऐकलं, हे माझ्या नवऱ्याला सांगायला. मी सांगून त्याला पटायचं नाही!”