पोती शिवायचा दाभण

अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या मुलखातल्या एका इस्पितळात लुएला ही एकटीच काळी नर्स होती. एकदा डेलिया नावाच्या काळ्या बाळंतिणीला टाके घालायचे होते. लुएलाने भुलीचं इंजेक्शन पुढे केलं, तर गोरे डॉक्टर म्हणाले, "ठेव ते. या बायकांची कातडी जाड असते, यांना दुखत नाही."

डेलियाने भेदरून लुएलाचा हात घट्ट धरला. "आलेच हं," म्हणत लुएला बाहेर गेली आणि कापसाची पोती शिवायचा दाभण घेऊन आली.

"हे काय?"

"कातडी जाड ना, साहेब? तुमची नाजूक सुई मोडेल."

"वेड लागलंय का तुला? कळवळून मरेल ती!"

"म्हणजे आम्हाला दुखतं, हे ठाऊक आहे तुम्हाला," लुएला म्हणाली. "मग आधी हे इंजेक्शन धरा."